आमचे हात धरणाऱ्या आक्कांना

आक्का, नमस्कार.

आळीतल्या सगळ्या गोठ्यांतर्फे हे पत्र. म्हैस विताना अडली की धावून येणारे शेजारी आपल्या वाळवा तालुक्यात गावोगाव सापडतील. दोघं दोरी धरतात, तिसरा ‘ओढा’ म्हणतो, चौथा तेलाची बाटली घेऊन येतो. तुम्ही मात्र आलात की आधी आमचेच हात धरता. त्याबद्दल आभार मानायचे राहून गेले होते.

म्हशीचे दहा महिने दहा दिवस भरत आले, शेपटीच्या बुडाशी दोन्हीकडं खड्डे पडले, सडं तुकतुकीत दिसायला लागली, की तुमची गोठ्यात फेरी ठरलेली. पाणमोट, म्हणजे पाण्याची पिशवी, दिसली तरी ती फोडायची नाही, हा तुमचा पहिला दम. पाण्याच्या दाबानं वाट मोकळी होत असते. घाईनं फोडली की तेवढं काम अर्धवट राहतं. ती आपोआप फुटली की तुम्ही बॅटरीच्या उजेडात खूर बघता. पुढचे दोन पाय, तळवे जमिनीकडं आणि पायांवर टेकलेलं नाकाड, म्हणजे रेडकू सरळ. तळवे आभाळाकडं असले तर बहुधा मागचे पाय. तसं दिसलं, एकच पाय आला, किंवा तासभर कळा देऊनही काही सरकेना, तर 1962 ला, जनावरांच्या डॉक्टरांच्या सरकारी नंबरावर, फोन. मग कुणीही आत हात घालायचा नाही. सरळ असलेल्या रेडकाला आधार द्यायचा तोही म्हैस कळ देईल तेव्हाच, आणि खालच्या अंगाला, तिच्या मागच्या पायांच्या दिशेनं. कळ थांबली की आपणही थांबायचं. चौघांनी एकदम हिसका दिला की वाट फाटते, कधी मायांगच, म्हणजे गर्भाची पिशवी, बाहेर येतं, आणि मग डॉक्टरांचं काम दुप्पट होतं.

बांगड्या कोपराकडं सारून रेडकाच्या नाकातोंडातला चिकटा तुम्ही बोटानं काढता, ते आम्ही सगळ्यांनी पाहिलंय. श्वास घेईना तर गवताची काडी नाकपुडीत हळूच फिरवायची. रेडकू शिंकलं की तुम्ही पहिल्यांदा हसता. नाळ दोन-तीन बोटं ठेवून दोऱ्यानं बांधायची, खाली नव्या ब्लेडनं कापायची आणि टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवायची. राख, शेण, काही लावायचं नाही.

वारेवरून, म्हणजे रेडकामागून पडणाऱ्या झारीवरून, तर तुम्ही अख्ख्या आळीशी भांडलात. लोंबणाऱ्या वारेला दगड नाहीतर वहाण बांधायची जुनी खोड होती. वजनानं वार तुटते, तुकडा आत राहतो, तो कुजतो; पुढं म्हैस गाभण न राहता महिनोन्‌महिने उलटत राहते आणि आपण रेड्याला नावं ठेवतो. आता बारा तास वाट बघायची, तोवर नाही पडली तर डॉक्टर, असं ठरूनच गेलंय. पडली की लगेच खड्ड्यात पुरायची, म्हशीला खाऊ द्यायची नाही.

दुसरी खोड, वार पडल्याशिवाय चीक काढायचा नाही. यातलं नुकसान तुम्ही समजावलंत म्हणून कळलं. आईच्या पोटात रेडकाला रोगाशी लढायची ताकद मिळत नाही, ती चिकातूनच येते, आणि आतडी ती पहिल्या काही तासांतच नीट शोषतात. म्हणून तास-दोन तासांत पहिला चीक, आणि तीस किलोच्या रेडकाला पहिल्या दिवसात तीन लिटर, तीन-चार वेळा विभागून. रेडकू लुचलं की गर्भाची पिशवी आवळते आणि वार पडायलाही मदतच होते. खरवसाकडं डोळे लावून बसलेल्या पोरांना तुम्ही त्या दिवशी वैरीण वाटता, त्याला इलाज नाही.

उसाच्या तोडी सुरू झाल्या की फुकट मिळतात म्हणून आपण जनावरं वाढ्यांवरच, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांवरच, ठेवतो. वाढ्यात ऑक्झलेट असतं, ते चाऱ्यातलं कॅल्शियम बांधून ठेवतं. पोट भरलेलं दिसतं, आणि व्याल्यावर दोन-तीन दिवसांत म्हैस मान कुशीला लावून बसते. कान गार, नाकाड कोरडं. हा दुग्धज्वर. अशा वेळी बाटलीनं तेल-गूळ पाजायला निघालेल्यांची बाटली तुम्ही काढून घेतलीत. तिला गिळायचं बळ नसतं, पाजलेलं फुप्फुसात जातं आणि वाचणारं जनावर त्यानंच दगावतं. तिला आडवी पडू द्यायची नाही, नाहीतर पोटात गॅस धरतो. दोन्ही बाजूंना भुसकटाची पोती लावून छातीवर बसती ठेवायची. कॅल्शियम शिरेतून डॉक्टरच देतील, तेही सावकाश, कारण घाईनं दिलं तर हृदयावर येतं. तुमच्या सांगण्यावरून आता चुना रात्रभर भिजवून वरची निवळी वाढ्यांच्या कुट्टीवर शिंपडतो, सोबत कडबा आणि लसूणघास देतो आणि रोज 50 ग्रॅम खनिज मिश्रण. महाग वाटतं खरं, पण कॅल्शियमच्या बाटलीपेक्षा स्वस्त.

धार काढल्यावर गव्हाणीत वैरण टाकायची, म्हणजे म्हैस अर्धा तास उभी राहते. तोवर सडाचं तोंड मिटतं आणि दगडी, म्हणजे कासेची सूज, टळते. एवढ्या साध्या गोष्टीलाही आम्हाला तुमची आठवण लागली.

तुमचा सुती कासरा आमच्याकडंच राहिलाय. पोटॅशच्या (लाल औषधाच्या) पाण्यात बुडवून उन्हात वाळत घातलाय, उद्या पाठवतो. चिकाचं भांडं मात्र आणखी एक दिवस राहू द्या. रेडकाचं पोट आधी, असं तुम्हीच सांगितलंय.

तुमचे,
खालच्या आळीतले गोठेवाले