तुमचं पेन माझ्याकडेच राहिलं

प्रिय सिस्टर,

मी तुम्हाला आठवत असेन की नाही, कोण जाणे. भर उन्हाळ्यात पोट लपवायला ढगळ स्वेटर घालून आलेली सतरा वर्षांची ती मुलगी. घामाने नुसती निथळत होते. तुम्ही स्वेटरबद्दल चकार शब्द काढला नाहीत. पंखा तेवढा माझ्याकडे वळवलात.

त्याआधी मी एकदा दुसऱ्या दवाखान्यात गेले होते. खिडकीवर नाव आणि वय सांगितलं, तर सगळ्या बाकांना ऐकू जाईल अशा आवाजात आतून प्रश्न आला, "सतराच? आणि सोबत कोण आहे?" सोबत कुणी नव्हतं. केसपेपर न काढताच परतले आणि पुढे दोन महिने कुठल्याच दवाखान्याकडे फिरकले नाही. लोक म्हणतात, पोरींना कळत नाही म्हणून त्या तपासणीला येत नाहीत. माझी पाळी आधीपासूनच मागेपुढे व्हायची, त्यामुळे पहिले तीन महिने खरंच पत्ता लागला नाही, हे कबूल. पण नंतर सगळं कळत होतं. बसभाडं मागायचं तर कारण सांगावं लागणार. तपासणीची वेळ नेमकी शाळेची. आणि वर ती खिडकी.

तुमच्याकडे पोचले तेव्हा 23 आठवडे झाले होते. पहिली तपासणी 12 आठवड्यांच्या आत आणि एकूण किमान 8 व्हाव्यात, असं जागतिक आरोग्य संघटना 2016 पासून सांगते, हे मी फार नंतर वाचलं. तेव्हा मला कार्डावरचे कोरे रकाने दिसत होते. आता बोलणी बसणार म्हणून मान खाली घातली. तुम्ही त्या रकान्यांखाली एक रेघ ओढलीत. म्हणालात, "इथून सुरू करू."

तुम्ही मला विचारायचात आणि उत्तर सोबत आलेली माझी मावशी द्यायची. तिसऱ्या प्रश्नाला तुम्ही तिला पाच मिनिटं बाहेर बसायला सांगितलंत. त्या पाच मिनिटांत मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. तुम्हाला माहीत आहे.

बीपीचा पट्टा माझ्या काटकुळ्या दंडाला ढिला होत होता. तुम्ही कपाट उचकून लहान पट्टा काढलात, पुन्हा मोजलंत आणि पेन माझ्या हातात दिलंत. "तूच लिही. कार्ड तुझं आहे." 110/70. पुढे दर वेळी मीच लिहायचे. लोहाच्या गोळ्यांनी मळमळतं म्हणून मी त्या गादीखाली सारते, हेही एकदा सांगून टाकलं. तुम्ही हसलात आणि झोपताना घ्यायला सांगितल्यात. माझ्यासाठी शाळा सुटल्यानंतरची वेळ काढलीत. पुढे त्या वेळेला माझ्याएवढ्या आणखी दोघी येऊ लागल्या.

36 व्या आठवड्यात डोकं ठणकायला लागलं, बोटं सुजली. घरच्यांच्या मते जागरण. मी कार्ड काढलं. मागच्या पानावर तुम्ही सांगितलेलं माझ्याच अक्षरात होतं: डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, हाता-तोंडावर सूज, यातलं काही झालं तर सकाळची वाट बघायची नाही. रात्रीच आले. 150/100, लघवीत प्रथिनं. विशी न गाठलेल्या आयांना झटके येण्याचा धोका जास्त असतो, हे डॉक्टर मावशीला सांगत होते. मला तिथेच ठेवून घेतलं आणि 37 आठवडे भरल्यावर कळा सुरू व्हायचं औषध दिलं. मुलगी झाली, 2 किलो 400 ग्रॅम. रडली मात्र चांगली चार किलोच्या बाळासारखी.

आभार मानतेय तर एक तक्रारही ऐकून घ्या. तुमची बदली झाली आणि संध्याकाळची ती वेळ बंद पडली. ती तुमची सोय होती, दवाखान्याचा नियम नव्हता. तुम्ही तो नियम करून घ्यायला हवा होता. त्या दोघींपैकी एक पुढे तपासणीला गेलीच नाही.

तुमचं निळं पेन माझ्याकडेच राहिलं. शेवटच्या दिवशी कार्डाबरोबर पिशवीत गेलं असावं. मुलगी आता त्याच पेनने त्या कोऱ्या रकान्यांत रेघोट्या मारते.

तुमची,
23 व्या आठवड्यात आलेली