फिट आलेल्याला चप्पल हुंगवू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नाशिककर मदतीला धावत नाहीत असं कुणी म्हणत असेल तर ते साफ खोटंय. सीबीएसला नाहीतर शालिमारला कुणी चक्कर येऊन पडलं की अर्ध्या मिनिटात गर्दी जमते, प्रॉब्लेम त्याच्या पुढे सुरू होतो.

परवा भरदुपारी रविवार कारंज्याजवळ एका कॉलेजच्या पोराला फिट आली. एक काका चप्पल काढून त्याच्या नाकाशी धरतायत, कुणी कांदा फोडून आणलाय, तिसरा दातखीळ सोडवायला गाडीची चावी दातात घुसवतोय आणि चौथा बाटलीतलं पाणी तोंडात ओतायच्या तयारीत, सगळे अगदी मनापासून. तेवढ्यात एक ताई पुढे आल्या, नर्स असाव्यात, त्यांनी सगळ्यांना मागे सारलं, ओढणीची घडी करून पोराच्या डोक्याखाली सरकवली, चष्मा काढून ठेवला, कॉलरचं बटण सोडलं आणि नुसत्या घड्याळाकडे बघत बसल्या. लोकं कुजबुजायला लागली की ही बाई काहीच करत नाहीये. थोड्या वेळात झटके थांबले, त्यांनी त्याला कुशीवर वळवलं, तोंडातला फेस बाहेर निघून गेला, पोरगं हळूहळू भानावर आलं. आणि क्रेडिट कुणाला मिळालं, तर चपलेला! "बघा, वास दिल्याबरोबर उठला" म्हणे.

ही समजूत इतकी वर्षं टिकून आहे त्याचं कारण हेच आहे. बहुतेक वेळा फिट दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते, मग त्या वेळी हातात जे असेल त्याला यश. चपलेच्या वासाने फिट थांबत नाही. चावी नाहीतर चमचा घातला तर दात तुटतो, नाहीतर आपलंच बोट चावलं जातं, आणि जीभ गिळली जाते हेही खरं नाही. पाण्याचा धोका सगळ्यात मोठा, शुद्ध नसलेल्या माणसाला गिळता येत नाही, ते पाणी सरळ श्वासनलिकेत जाऊ शकतं. आजूबाजूचं टोचणारं लागणारं बाजूला करा, हातपाय दाबून धरू नका, वेळ बघा. 5 मिनिटांच्या वर गेली, एकामागोमाग दुसरी आली किंवा आयुष्यात पहिल्यांदाच आली असेल तर 108 ला फोन.

दुसरी गोष्ट हार्ट अटॅकची. आपल्याकडे रविवारी सकाळी मिसळ खाल्लेली असते, त्यामुळे छातीत दुखलं की "तर्री बाधली, गॅस झालाय" म्हणून सोडा पिऊन माणूस झोपून जातो. छातीच्या मधोमध दाबल्यासारखं होतंय, कळ हाताकडे किंवा जबड्याकडे जातेय, दरदरून घाम फुटलाय, तर गॅस आहे की नाही ते डॉक्टरला ठरवू द्या, आणि कृपा करून स्वतः स्कूटर चालवत जाऊ नका. बायकांना आणि शुगरवाल्यांना कधीकधी छातीत दुखतच नाही, नुसती धाप लागते, मळमळतं. तोंड वाकडं झालं, एक हात उचलेना, बोलणं अडखळायला लागलं तर तो लकवा, तेल चोळत बसू नका, कधी सुरू झालं ती वेळ लक्षात ठेवा कारण गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात.

आणि माणूस हलवून उठत नाही, श्वास नाही किंवा मधेच एखादी उचकी दिल्यासारखा येतोय, तर 108 ला कळवून लगेच छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी दाबायला लागा, मिनिटाला 100 ते 120 वेळा, 5 सेंटीमीटर खोल, ॲम्ब्युलन्स येईपर्यंत. दमलात तर दुसऱ्याला द्या पण थांबू नका.

"नंतर पोलिसांचं लफडं नको" म्हणून लांब राहणारेही आहेतच. अपघातात मदत करणाऱ्याला सुप्रीम कोर्टाने 2016 मध्येच संरक्षण दिलंय, 2019 च्या दुरुस्तीने ते मोटार वाहन कायद्यातही आलं, नाव सांगायचीसुद्धा सक्ती नाही.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण 2027 चा सिंहस्थ. 2003 ची चेंगराचेंगरी पंचवटीतली जुनी माणसं अजून विसरलेली नाहीत. पर्वणीच्या गर्दीत रामकुंडाच्या बोळांमध्ये ॲम्ब्युलन्स घुसणार कशी? पहिला हात फुलवाल्याचा, रिक्षावाल्याचा, चहाच्या टपरीवाल्याचा नाहीतर घाटावरच्या गुरुजींचाच लागणार. रस्ते, पूल, घाट यांच्या बातम्या रोज वाचतो, पण या लोकांना अर्धा दिवस बसवून शिकवायचं कुणी मनावर घेतलेलं दिसत नाही. महापालिकेने आणि सिव्हिलने वॉर्डावॉर्डात शिबिरं घ्यावीत, छाती दाबायचा सराव पुतळ्यावर प्रत्येकाकडून करून घ्यावा, नुसती भाषणं नकोत. आपल्या पेपरनेही दर रविवारी चित्रासकट एक छोटी चौकट छापावी. पंचवटीतल्या शिबिराला आमच्या गणेश मंडळाचा हॉल फुकट देतो, सतरंज्या आणि चहासकट.

आपला,
एक वाचक, पंचवटी, नाशिक