कर्नाटकातल्या कुद्रेमुख शिखराच्या ट्रेकला येणाऱ्यांसाठी सूचना

मंडळी, शनिवारी पहाटे साडेपाचला पायथ्याच्या मुळ्ळोडी गावात तयार राहा. वनखात्याच्या परवान्यासाठी मूळ ओळखपत्र आणा, मोबाइलमधल्या फोटोवर विसंबू नका.

कुद्रेमुख म्हणजे कन्नडमध्ये ‘घोड्याचं तोंड’; हे नाव ऐकून कडे-सुळके शोधाल, पण वाटेवर बहुतेक गोलसर गवताळ उतारच आहेत आणि घळींमध्ये शोलाची (बुटक्या सदाहरित जंगलाची) काळीशार झाडी. उंची १८९४ मीटर, कळसूबाईपेक्षा अडीचशेने जास्त. माथ्यावर सावली नाही, वारा मात्र भन्नाट. मागच्या खेपेला ढगात पुढच्याची सॅकही दिसेना, तेव्हा कुणीही एकट्याने सटकायचं नाही.

जळवा लेसच्या भोकांतूनही आत शिरतात (अनुभव आहे!). लांब मोजे, मिठाची पुरचुंडी घ्या. डबा स्टीलचाच. वर मुक्काम करता येत नाही.