सेवा पाळकांची, हजेरी आपली?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वर्तमानपत्रांत चर्चच्या बातम्या बहुधा दोनच प्रसंगी येतात. नाताळात रोषणाईचा फोटो, आणि एरवी जागेचा नाहीतर विश्वस्तांचा वाद. त्यामुळे चर्च नेमकं चालतं कशासाठी, असा प्रश्न बाहेरच्यांना पडला तर त्यात नवल नाही. नवल याचं, की आतल्यांना तो पडेनासा झाला आहे. मी आतला माणूस. पाळक म्हणजे चर्चचा धर्मगुरू नाही, समितीत नाही. दर रविवारी बाकावर बसणारा साधा सभासद.

आमच्या ओळखीतल्या एका वयस्क गृहस्थांचं मध्यंतरी ऑपरेशन झालं. मंडळीतले, म्हणजे आमच्या चर्चच्या सभासदांतले, दोघे तरुण आळीपाळीने रात्री दवाखान्यात थांबले. गायकवृंदातल्या एक बाई रोज संध्याकाळी येऊन बसत. गृहस्थांना वाकता येत नाही आणि पायाची नखं वाढून चादरीत अडकतात, हे त्यांच्या लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पर्समधून नेलकटर काढलं, खाली कागद पसरून नखं कापली, कागदाची पुडी करून टाकली, हात धुतले आणि नेहमीसारखं स्तोत्र वाचून घरी गेल्या. गृहस्थ बरे होऊन परतले. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मात्र ते एकच सांगत होते, "मंडळीतून कुणी फिरकलं नाही." कारण पाळक आले नव्हते.

हा एकट्या त्यांचा दोष नव्हे. आम्हा बहुतेकांच्या डोक्यात हिशेब पक्का बसला आहे : सेवा ही पाळकांची, आमची हजेरी आणि अर्पण. आणि खरं सांगायचं तर पुष्कळ पाळकांनाही तो हिशेब सोयीचा वाटतो. सगळं आपल्याच हातून होतंय, यात थकवा असला तरी मान असतो. बायबलमधला इस्राएली लोकांचा पुढारी मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे निवाडे करत बसलेला पाहून त्याच्या सासऱ्याने, इथ्रोने, त्याला फटकारलं होतं की अशाने तूही झिजशील आणि हे लोकही. प्रत्येक पाळकाला असा एक सासरा असायला हवा.

बायबलच्या नव्या करारात, म्हणजे येशू आणि त्याच्या शिष्यांविषयीच्या भागात, चित्र वेगळं आहे. इफिसकरांना लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात पाळक आणि शिक्षक मंडळीला कशासाठी दिले ते सांगितलं आहे : विश्वासणाऱ्यांना सेवेच्या कामासाठी तयार करायला. सेवा करायची ती मंडळीने. पाळकाने तिला तयार करायचं. १५२० मध्ये प्रोटेस्टंट सुधारणेचा प्रणेता ल्यूथर याने सर्व बाप्तिस्मा घेतलेल्यांचं याजकपण, म्हणजे पुरोहितपण, ठासून मांडलं, आणि १९६४ मध्ये कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही सामान्य विश्वासणाऱ्यांचा ख्रिस्ताच्या कार्यातला वाटा मान्य केला. इतरत्र एकमेकांशी न पटणाऱ्या दोन परंपरा इथे बऱ्याच जवळ येतात, तरी बाकावरचे आपण बाकावरच!

नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातली हकिगत तर मला पुन्हा पुन्हा वाचावीशी वाटते. यरुशलेमातल्या पहिल्याच मंडळीत भांडण झालं, आणि तेही रोजच्या मदतीच्या वाटपावरून. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना डावललं जातंय अशी कुरकुर सुरू झाली. प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या प्रमुख शिष्यांनी, तक्रार दाबली नाही, चौकशी समिती नेमून वेळही काढला नाही. प्रार्थना आणि वचनाची सेवा सोडून आम्ही पंक्ती सांभाळणं बरं नव्हे, असं सांगून त्यांनी सात जण निवडायला लावले. निवड लोकांनी केली. त्या सातांची नावं पाहा : स्तेफन, फिलिप्प, प्रखर, निकानोर, तीमोन, पार्मिना आणि अंत्युखियाचा निकलाव. सगळी ग्रीक. म्हणजे ज्यांच्या विधवा डावलल्या गेल्या, बहुधा त्यांच्यातल्याच माणसांच्या हाती वाटपाचं काम आलं. आजच्या किती संस्था तक्रारदाराच्या हाती किल्ल्या देतील?

"पाहा, आध्यात्मिक काम मोठं आणि वाढप्याचं लहान," असं सिद्ध करायला हाच अध्याय पुढे केला जातो. पण पुढची पानं उलटा. वाटपासाठी निवडलेला स्तेफन महासभेपुढे, म्हणजे यहुद्यांच्या वरिष्ठ न्यायसभेपुढे, असा बोलला, की त्या पुस्तकातलं सर्वांत लांब भाषण त्याचंच ठरलं. आणि त्यासाठी त्याने प्राणही दिला. फिलिप्प शोमरोन प्रांतात जाऊन सुवार्ता सांगू लागला. उलट मोठा सुवार्तिक असलेला प्रेषित पौल तंबू शिवून पोट भरायचा आणि यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा करत हिंडायचा. कामं वाटलेली होती, पण मधे भिंत नव्हती. किंख्रियाच्या मंडळीची सेविका म्हणून पौल फिबीचं नाव मानाने घेतो. आज आजाऱ्यांकडे जाणाऱ्यांत बायकाच जास्त दिसतात, आणि निर्णयाच्या टेबलाशी बसणाऱ्यांत बहुतेक पुरुष. त्यावर स्वतंत्र पत्र लिहावं लागेल.

आता बिगरख्रिस्ती वाचकांच्या मनातला प्रश्न. ही सेवा म्हणजे धर्मांतराचं आमिष नाही ना? प्रश्न टाळून चालणार नाही. मदत देताना अट घातली की तो सौदा झाला, सेवा राहिली नाही. आणि असं कुठेही घडत असेल तर त्यावर पहिला आक्षेप ख्रिस्ती माणसाने घ्यायला हवा. लूकच्या शुभवर्तमानात येशू दहा कुष्ठरोग्यांना बरं करतो. आभार मानायला त्यांतला एकटाच परत येतो, तोही शोमरोनी, परका. बाकीचे नऊ कुठे आहेत, असं येशू विचारतो खरा, पण त्यांचं बरं होणं काढून घेत नाही. मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायातल्या न्यायाच्या प्रसंगात भुकेल्याला खाऊ घालणारे, तुरुंगातल्याला भेटणारे उलट विचारतात, "प्रभू, आम्ही तुला कधी पाहिलं?" आपण कोणाची सेवा केली हेच त्यांना ठाऊक नव्हतं. मग बदल्यात काही मागणार कुठून? आपल्या श्रद्धेविषयी बोलायला चर्चला कुणाची मनाई नसावी, माझाही त्याला विरोध नाही. पण ऐकणाऱ्याला नको म्हणता आलं पाहिजे, आणि त्याने नको म्हटल्यावरही औषधाची बाटली त्याच्याच हातात राहिली पाहिजे.

परक्यांनाही मिळणाऱ्या या सेवेची साक्ष विरोधकानेच देऊन ठेवली आहे. चौथ्या शतकातला रोमन सम्राट जुलियन ख्रिस्ती धर्म सोडून जुन्या देवतांकडे परतला होता. त्याची तक्रार अशी, की हे गालीली लोक (ख्रिस्ती लोकांना तो असं म्हणे) त्यांचे गरीब तर सांभाळतातच, वर आमचेही सांभाळतात, आणि आमच्या लोकांना मात्र आपल्याकडून काहीच मिळत नाही.

त्याच्या आधी शंभरएक वर्षांपूर्वीचा एक हिशेबही शिल्लक आहे. रोमचे बिशप कर्नेलियस यांनी २५१ च्या सुमारास लिहिलेल्या पत्रात आपल्या मंडळीची मोजदाद दिली आहे : ४६ प्रेस्बितर म्हणजे वडील, ७ डिकन म्हणजे मदतसेवा पाहणारे सेवक, ७ उपडिकन, ४२ सहायक, शिवाय इतर काही सेवक, आणि मंडळी सांभाळत असलेल्या विधवा व गरजू दीड हजारांहून जास्त. पदाधिकारी आणि गरजू एकाच दमात मोजलेले. आमच्या वार्षिक अहवालांत साउंड सिस्टीम, रंगकाम, कुंपणभिंत यांचा खर्च बारकाईने असतो. असावाच, हिशेब चोख हवेत. पण अंथरुणाला खिळलेले सभासद किती आणि त्यांच्याकडे कोण जातं, याची ओळ शोधूनही सापडत नाही.

पाय धुण्याच्या विधीचंही तसंच. शेवटच्या भोजनाच्या रात्री येशूने कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले, याची आठवण म्हणून अनेक चर्चमध्ये गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी हा विधी होतो. ज्यांचे पाय धुवायचे ते घरूनच साबणाने घासून येतात, हे सगळ्यांना माहीत असतं. ही खोड जुनीच. इंग्लंडची पहिली एलिझाबेथ राणी गरीब बायकांचे पाय धुवायची, पण तिच्याआधी नोकरांनी आणि अधिकाऱ्यांनी ते धुऊन ठेवलेले असत! विधी बंद करा असं मी म्हणत नाही, मलाही तो भिडतो. पण त्या गुरुवारी मी पाहिलेल्या कुठल्याही पाय धुण्यापेक्षा नेलकटरवाल्या बाई मला त्या मूळ रात्रीच्या जास्त जवळच्या वाटतात. आणि त्यांचं नाव कुठल्याही अहवालात नाही.

म्हणून मंडळ्यांच्या समित्यांना आपल्या वर्तमानपत्रातून एवढंच सुचवतो. वार्षिक सभेत जमाखर्चाच्या आधी आजारी, एकाकी आणि अडचणीतल्या सभासदांविषयीचं निवेदन व्हावं. नावं जाहीर करायची गरज नाही, खाजगी गोष्टी खाजगीच राहू देत. पण किती घरं आहेत आणि किती जणांनी ती वाटून घेतली आहेत, हे कळावं. पाळकांना वर्षभरात किती भेटी दिल्या असं विचारण्याऐवजी, भेटी द्यायला किती जणांना तयार केलं असं विचारावं. आणि यादीत मंडळीबाहेरची, धर्माबाहेरची निदान काही घरं असावीत. वेळ कुणाला आहे, असा सूर लगेच निघेल. कुंपणभिंतीवरच्या चर्चेला मागच्या सभेत किती वेळ गेला, तेवढं इतिवृत्तात पाहून घ्यावं.

आपला,
बाकावरचा एक सभासद