शोधनिबंधाचे सगळे गुण शेवटच्या दिवशीच का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विद्यार्थ्यांच्या शोधनिबंधांमधल्या उचलेगिरीचा विषय निघाला की गाडी लगेच मजकुरातलं साम्य शोधणाऱ्या सॉफ्टवेअरवर येते. साम्य किती टक्के निघालं, मर्यादा किती, कारवाई काय. असे निबंध अनेक वर्षं तपासल्यावर मला हा सगळा प्रकार वरातीमागून घोडं वाटतो. निबंध बिघडलेला असतो त्याच्या कितीतरी आधी, विषय ठरला त्या दिवशी.

‘समाजमाध्यमांचा तरुणांवर होणारा परिणाम’ असा विषय विद्यार्थिनी घेऊन येते आणि मार्गदर्शक सही करून मोकळे होतात. कोणती माध्यमं, कोणते तरुण, परिणाम कशावर? काहीच ठरलेलं नसतं, त्यामुळे काय वाचायचं आणि काय सोडायचं हेही ठरत नाही. मग सापडेल ते वाचायचं आणि वाचलं ते चिकटवायचं. तिलाच समोर बसवून अर्धा तास प्रश्न विचारले, तर विषय ‘वसतिगृहातल्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचा रात्री अकरानंतरचा मोबाइल-वापर आणि सकाळच्या पहिल्या तासाची हजेरी’ इथपर्यंत येतो. आता कामं दिसू लागतात. हजेरीपट बघायला परवानगी लागेल. वापराची वेळ तोंडी विचारली तर आकडा अंदाजपंचे येणार. जे तयार असतील त्यांच्या फोनमधली स्क्रीन-टाइमची नोंदच बघितलेली बरी. आणि दोन्हींचा संबंध दिसला, तरी मोबाइलमुळेच तास बुडाला असं म्हणता येत नाही. ज्याला मुळातच झोप लागत नाही, तोही फोन घेऊन पडून राहतो. ही अडचण विद्यार्थिनीला स्वतःहून सुचली, तर निम्मं काम झालं असं मी समजते.

दुसरी गळती टिपणांत. वहीत लेखकाचं वाक्य जसंच्या तसं उतरवलेलं असतं. अवतरणचिन्ह नाही, पान क्रमांक नाही. महिन्याभराने ते वाक्य आपलंच वाटू लागतं आणि निबंधात जाऊन बसतं. मुद्दाम केलेली चोरी असतेच, नाही असं नाही, पण माझ्यासमोर आलेली बरीचशी उचलेगिरी या वहीतली होती. सारांश लिहायचा तो पुस्तक मिटून. शब्दशः घ्यायचं ते अवतरणचिन्हात, पान क्रमांकासह. स्वतःचं मत वेगळ्या शाईत. एवढी शिस्त पहिल्या आठवड्यात कुणी लावत नाही. संदर्भ सांभाळायला ‘झोटेरो’सारखं साधन 2006 पासून मोफत उपलब्ध आहे. तरीही संदर्भसूची बाइंडिंगच्या आदल्या रात्रीच जुळवली जाते.

सॉफ्टवेअर फक्त जुळणारे शब्द दाखवतं. रीतसर दिलेलं अवतरणही त्यात साम्य म्हणून येऊ शकतं, आणि दुसऱ्याची अख्खी कल्पना शब्द फिरवून घेतली तर ती निसटू शकते. विद्यार्थ्यांना हे पक्कं ठाऊक आहे. म्हणून ‘टक्केवारी उतरवणं’ हा स्वतंत्र उद्योग झाला आहे: यंत्राकडून समानार्थी शब्द घालून घ्यायचे. फ्रान्समधले संगणकशास्त्रज्ञ गिओम काबानाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2021 मध्ये छापील शोधनिबंधांतले असे नमुने उघडकीला आणले. ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’च्या जागी चक्क ‘काउंटरफिट कॉन्शसनेस’, म्हणजे ‘बनावट जाणीव’! तेही निबंध तपासून छापलेले, म्हणजे नुसत्या विद्यार्थ्यांना बोल लावून भागत नाही. 2022 च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यापासून तर अस्तित्वातच नसलेले संदर्भ सूचीत दिसतात. लेखक, नियतकालिक, वर्ष सगळं अगदी खरं वाटावं असं. सूचीतल्या चार संदर्भांचे डीओआय क्रमांक (निबंधाची इंटरनेटवरची कायमची ओळख) उघडून बघायला पाच मिनिटंही लागत नाहीत. किती परीक्षक बघतात?

पानांच्या संख्येचा हट्टही सोडायला हवा. डीएनएची रचना सांगणारा वॉटसन आणि क्रिक यांचा 1953 चा निबंध जेमतेम पानभराचा आहे. आपल्याकडे मात्र किमान पानं ठरलेली, मग प्रस्तावनेत विषयाचा इतिहास अश्मयुगापासून सुरू होतो. खरं तर प्रस्तावना आधी लिहूच नये. कार्यपद्धती आधी लिहावी, कारण आपण काय केलं ते आपल्याला माहीत असतं. मग निष्कर्ष आणि चर्चा, त्यानंतर प्रस्तावना, आणि गोषवारा सगळ्यांत शेवटी.

माझी मागणी साधी आहे. एकूण गुणांपैकी निम्मे तरी निबंध हाती येण्याआधीच द्यावेत: प्रश्नासाठी, टिपणवहीसाठी आणि कच्च्या मसुद्यासाठी. एकेका मार्गदर्शकाकडे इतके विद्यार्थी असताना वेळ कुठून आणायचा, असा आक्षेप येईल. तो खोटा नाही. पण शेवटी शंभर पानं चाळण्यापेक्षा सुरुवातीला एक पान नीट वाचायला वेळ कमीच लागतो. त्या पानावर एवढंच हवं: माझा प्रश्न काय, पुरावा कुठून मिळणार, आणि काय सापडलं तर माझा अंदाज चुकला असं मी मान्य करीन. तेच पान मार्गदर्शकाने सही-तारखेसह ठेवून घ्यावं आणि तोंडी परीक्षेला परीक्षकांसमोर ठेवावं. त्या पानापासून निबंध कुठे आणि का सरकला, हे ज्याने स्वतः काम केलं आहे त्याला सहज सांगता येतं.

आपली,
एक निवृत्त प्राध्यापिका