उघड्या पाइपचा आवाज हा जुन्या मोटारसायकलचा मूळ आवाज नव्हे

मा. संपादक,

स. न. वि. वि.

जुन्या मोटारसायकलींची हौस साताऱ्याला नवी नाही. लोखंडी इंजिनाच्या बुलेट, म्हैसूरच्या कारखान्यातून आलेल्या येझदी, राजदूत ३५० आणि आरएक्स १०० या गाड्या इथे आजही जिव्हाळ्याने सांभाळल्या जातात आणि सुटीच्या सकाळी यवतेश्वर घाटातून कासकडे किंवा सज्जनगडाच्या वाटेला लागलेल्या दिसतात. अलीकडे मात्र त्या दिसण्याच्या बऱ्याच आधी ऐकू येतात, कारण त्यांतल्या अनेकींच्या बेंड पाइपपुढे, म्हणजे इंजिनातून निघणाऱ्या वाकड्या नळीपुढे, सायलेन्सरच उरलेला नसतो. काहींना सरळ कापलेला नळा जोडलेला असतो, तर काहींचा सायलेन्सर वरून जुनाच दिसतो पण आतली आवाज गाळणारी जाळी काढून टाकलेली असते. मालकाला हटकले तर ठरलेले उत्तर मिळते: ही क्लासिक गाडी आहे, तिचा मूळ आवाज असाच. अशीच एक जुनी बुलेट मी अनेक वर्षे चालवत आणि दुरुस्त करवून घेत आलो आहे, त्यामुळे या उत्तराचा प्रतिवाद आमच्यातल्याच कुणीतरी करावा, या हेतूने हे पत्र लिहीत आहे.

मद्रासला १९५५ मध्ये एन्फिल्ड इंडिया स्थापन झाली आणि बुलेट भारतीय झाली. तिथून पुढे तिचे रंग, टाक्या, दिवे बदलत गेले, पण उघड्या पाइपची बुलेट रस्त्यासाठी कारखान्यातून कधी बाहेर पडली नाही. जो ठोका ऐकून आमची पिढी तिच्या प्रेमात पडली तो सायलेन्सरमधून गाळून आलेला ठोका होता. त्याचे कारण इंजिनाच्या घडणीत आहे. ३५० सीसीच्या त्या एकमेव सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ९० मिलिमीटर, शिवाय जड फ्लायव्हील. त्यामुळे गाडी संथ गतीवर मिनिटाला ८०० ते १००० फेऱ्यांवर निवांत उभी राहते, आणि चार स्ट्रोकच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांना एक स्फोट होत असल्याने सेकंदाला सात-आठच ठोके पडतात. ते वेगवेगळे ऐकू येतात, एकमेकांत मिसळत नाहीत, म्हणून तो आवाज भरदार वाटतो. सायलेन्सर काढला की ठोक्यांची संख्या तीच राहते. प्रत्येक ठोक्याची धार तेवढी वाढते, आणि गाडीने जरा वेग घेतला की त्या धारेपलीकडे दुसरे काही ऐकू येत नाही. टॅपेटची खटखट, साखळीची कुरकुर, गिअर पडल्याचा आवाज, म्हणजे ज्यावरून जुन्या गाडीची तब्येत ओळखायची ते सगळे त्याखाली दडपले जाते.

सायलेन्सर हा केवळ आवाज कोंडणारा डबा आहे, असा एक समज गॅरेजांतून पसरलेला आहे. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा सिलिंडरमधील जळालेल्या वायूचा दाब बाहेरच्या हवेच्या कित्येक पट असतो आणि तो वायू धक्क्यासारखा पाइपमध्ये शिरतो. सायलेन्सरमधील कप्पे, भोके पाडलेल्या नळ्या आणि काहींत भरलेली काचलोकर हा धक्का पसरवून त्याची तीव्रता कमी करतात. बुलेटच्या कार्बोरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारे बारीक भोक, हा सगळा मार्ग गृहीत धरून निवडलेला असतो. तो मार्ग एकाएकी मोकळा केला आणि जेट तोच ठेवला तर हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते, प्लग पांढरा पडू लागतो, हेड तापते, आणि ॲक्सिलरेटर सोडताच पाइपमध्ये फटाके फुटू लागतात. हे फटाके म्हणजे ताकदीची खूण, असे नव्या मालकांना वाटते. वास्तविक न जळलेले पेट्रोल पाइपात शिरलेल्या हवेबरोबर तिथेच पेट घेत असते. मग मेकॅनिक मोठा जेट टाकून देतो आणि ॲव्हरेज घटते. उघड्या पाइपने इंजिन आठवड्याभरात निकामी होते किंवा थंड हवा लागून व्हॉल्व्ह वाकतो, असेही काही जण छातीठोकपणे सांगतात. बेंड पाइप पूर्ण लांबीचा असेल तर तसे काही घडत नाही, आणि आपल्या बाजूच्या अतिशयोक्तीला मी पाठिंबा देणार नाही. पण ताकद वाढते हा दावाही तितकाच पोकळ आहे, कारण रस्त्यावर आपण ज्या फेऱ्यांवर बुलेट चालवतो तिथे नुसता पाइप मोकळा करून हाती लागणारा फरक चालवणाऱ्याला जाणवेल इतकाही नसतो.

टू-स्ट्रोक गाड्यांत तर सरळ तोटाच होतो. आरएक्स १०० किंवा राजदूत ३५० यांच्या सायलेन्सरचा फुगीर भाग शोभेसाठी नसतो. सिलिंडरमधून जळक्या वायूमागोमाग थोडे ताजे मिश्रणही बाहेर निसटते, आणि त्या फुगीर भागाच्या निमुळत्या टोकावरून परतणारी दाबाची लाट ते मिश्रण पोर्ट, म्हणजे सिलिंडरचे बाहेरचे तोंड, बंद होण्यापूर्वी पुन्हा आत ढकलते. तो भाग कापून टाकणारा मालक गाडीचा दम स्वतःच्या हाताने काढून टाकत असतो. येझदीची गोष्ट थोडी निराळी आहे. एकाच सिलिंडरला दोन बाजूंना दोन सायलेन्सर असलेल्या या गाडीत ऑइलची काजळी साचून जाळ्या तुंबत, म्हणून त्या बाहेर काढता येतील अशाच बनवलेल्या होत्या. त्या भाजून किंवा कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात बुडवून साफ करायच्या आणि परत बसवायच्या, अशी रीत होती. आज अनेक येझदींच्या बाबतीत यातला परत बसवण्याचा भागच गळून गेला आहे.

शर्यतीच्या गाड्यांचा दाखला हमखास दिला जातो. शर्यतीच्या गाडीचा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), जेट, कॉम्प्रेशन, पाइपची लांबी हे सगळे उंच फेऱ्यांसाठी एकत्र जुळवलेले असते आणि ती बंद ट्रॅकवर धावते. तरीही इंग्लंडमधील ब्रुकलँड्स या १९०७ मध्ये सुरू झालेल्या ट्रॅकवर आसपासच्या रहिवाशांनी आवाजाविरुद्ध न्यायालय गाठले, आणि १९२० च्या दशकात तिथे शर्यतीच्या गाड्यांनाही सायलेन्सर सक्तीचा झाला. जुन्या ब्रिटिश मोटारसायकलींच्या परंपरेचा हवाला देणाऱ्यांनी परंपरेचा हा भागही ठाऊक करून घ्यावा.

मोठ्या आवाजामुळे समोरचे वाहन सावध होते आणि अपघात टळतो, असेही ऐकवले जाते. पाइपचे तोंड मागे असते. काचा लावून चाललेल्या ट्रकच्या चालकाला तो आवाज बहुधा गाडी पुढे निघून गेल्यावर कळतो; दचकतो तो मागून येणारा सायकलस्वार.

आता कायद्याविषयी. जुन्या गाडीला आवाजाचे नियम लागू नाहीत, असा समज आमच्या मंडळींत पक्का रुजला आहे आणि त्यात अर्धे सत्य असल्यामुळेच तो टिकून आहे. दुचाकींसाठी ८० सीसीपर्यंत ७५, १७५ सीसीपर्यंत ७७ आणि त्यापुढे ८० डेसिबल या ज्या मर्यादा सांगितल्या जातात त्या कारखान्यात तयार होणाऱ्या नव्या वाहनांसाठी आहेत, आणि १९७० सालच्या बुलेटचा मालक त्या आपल्याला लागू नाहीत असे म्हणू शकतो. परंतु केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२० प्रत्येक मोटार वाहनाला, एक्झॉस्टचा आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर बंधनकारक करतो, आणि त्यात गाडीच्या वयाची सवलत नाही. आवाजाच्या मानकांचे उल्लंघन करणारे वाहन सार्वजनिक जागी चालवल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि शिवाय तीन महिने लायसन्ससाठी अपात्रता, अशी तरतूद आहे. व्हिंटेज म्हणून नोंदणी करू पाहणाऱ्यांची तर आणखी अडचण आहे. २०२१ मध्ये आलेल्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या वाहनाला हा दर्जा मिळतो तो मूळ स्वरूप सांभाळले असेल तरच. चासी आणि इंजिनाच्या मूळपणाबद्दल तासन्‌तास वाद घालणारे आपण सायलेन्सर आला की गप्प का बसतो, हा प्रश्न मी मित्रांना अनेकदा विचारला आहे.

साताऱ्याची रचना अशी की अजिंक्यताऱ्याच्या उतारावर शहर पसरलेले आहे आणि राजपथ काय, खालचा रस्ता काय, दोन्हीकडे घरे रस्त्याला खेटून उभी आहेत. अशा रस्त्यावर जड, खालच्या पट्टीतला आवाज भिंती आणि बंद खिडक्या सहज ओलांडतो. डेसिबलचे मापही फसवे असते: ८० वरून ९० वर जाणे म्हणजे आठव्या भागाने वाढ नव्हे, ध्वनीची ऊर्जा दहापट होते आणि कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रुग्णालये, शाळा व न्यायालये यांच्या भोवतीचे शंभर मीटर शांतता क्षेत्र धरता येतात. क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालयासमोरून जाणाऱ्या उघड्या पाइपच्या गाडीने यातला कोणता आकडा पाळला, हे मोजायला यंत्राचीही गरज नाही.

कारवाईविषयी माझे काही आक्षेप आहेत. राज्यातील अनेक शहरांत जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांवर रोड रोलर फिरवला जातो आणि त्याची छायाचित्रे छापून येतात. बाजारातून आणलेल्या, मुद्दाम फटाक्यासारखा आवाज काढणाऱ्या फटाका सायलेन्सरबद्दल मला काही म्हणायचे नाही, ते चेचले जाणेच योग्य. परंतु येझदीचा किंवा जुन्या बुलेटचा कंपनीचा सायलेन्सर, केवळ जाळी काढलेली म्हणून, रोलरखाली घालणे चुकीचे आहे. तो पुन्हा मिळणे अवघड असते आणि जाळी बसवून तो कायदेशीर करता येतो. अशा मालकाकडून दंड घ्यावा, ठरावीक मुदत द्यावी आणि दुरुस्त गाडी पोलिस ठाण्यात आणून दाखवायला लावावी. जाळी आहे की नाही हे तपासायला मागच्या तोंडातून पातळ सळई घालून पाहिली तरी पुरते. गाडी थंड असावी, एवढेच.

पीयूसी चाचणीत धूर तपासला जातो, आवाज नाही. त्यामुळे वर्षानुवर्षे उघड्या पाइपवर फिरणाऱ्या गाडीकडेही वैध पीयूसी असते. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावे लागते आणि त्या वेळी गाडी आरटीओत न्यावी लागते, पण तिथे पासिंगपुरता मित्राचा सायलेन्सर मागून आणून लावण्याची आणि संध्याकाळी परत करण्याची प्रथा आमच्यात सर्रास आहे. याला उपाय म्हणून पासिंगच्या वेळी सायलेन्सरसह गाडीचे छायाचित्र नोंदीला जोडावे आणि पुढे रस्त्यावर तपासणी झाल्यास ते ताडून पाहावे. त्याचबरोबर दंड नेहमी चालवणाऱ्यालाच होतो आणि पाइप कापून देणारे, फटाका सायलेन्सर विकणारे बाजूला राहतात, हेही बदलायला हवे. शहरात ही कामे कुठे होतात हे जुन्या गाड्यांच्या प्रत्येक मालकाला ठाऊक आहे आणि पोलिसांना ते शोधणे कठीण नाही.

फुलांच्या हंगामात कासला येणाऱ्या गाड्या वाहनतळावर थांबतातच. तिथे आणि यवतेश्वर घाटाच्या पायथ्याशी सुटीच्या दिवशी सकाळी वाहतूक पोलिसांचे एक पथक सळई घेऊन उभे राहिले, तर पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच बराच फरक पडेल. अशा पथकाला गाड्या ओळखण्यासाठी किंवा कोणता सायलेन्सर मूळचा आहे हे सांगण्यासाठी मदत हवी असल्यास आमच्यापैकी काही जण यायला तयार आहेत.

आपला विश्वासू,
जुन्या बुलेटचा एक मालक, सातारा