कृषी विषयाची प्रात्यक्षिके पावसाळ्यात घ्या

महोदय,

शाळांतल्या कृषी विषयाची प्रात्यक्षिके परीक्षेच्या तोंडावर, जानेवारी-फेब्रुवारीत उरकण्याची सवय मोडायला हवी. गोव्यात त्या दिवसांत काजू मोहोरलेला असतो, त्यामुळे कलमाची काडी मिळत नाही. सरद (पावसाळी) भाताची कापणी होऊन गेलेली असते आणि पोफळीची फळे कुजवणाऱ्या कोळेरोगाचा हंगामही केव्हाच सरलेला असतो. मग मुले वहीत आकृत्या काढतात, त्यांवर सही होते आणि विषय संपतो. नववी-दहावीत हा व्यावसायिक विषय घेतलेल्या मुलाला पुढे त्यातून पोट भरता यावे अशी खरोखर इच्छा असेल, तर निम्म्याहून अधिक प्रात्यक्षिके जून ते ऑक्टोबर या काळात, सलग दोन तासिकांची आणि शाळेच्या आवारातच व्हायला हवीत.

काजूच्या मृदुकाष्ठ कलमाचेच, म्हणजे बियांपासून वाढवलेल्या कोवळ्या रोपावर (खुंटावर) चांगल्या झाडाची काडी जोडण्याचेच घ्या. शाळेत शिकवण्यासारखे याहून चांगले कौशल्य गोव्यात दुसरे नाही, कारण बी पेरण्यापासून कलम फुटेपर्यंतचे सारे काम साधारण चार महिन्यांत, म्हणजे एका सत्रात बसते. नुकत्याच संपलेल्या हंगामातल्या वाळवलेल्या बिया पाण्यात टाकून तरंगणाऱ्या काढून टाकाव्यात आणि बुडालेल्यांतून सात-आठ ग्रॅम वजनाच्या मध्यम बिया निवडाव्यात. त्या रात्रभर भिजवाव्यात. माती, वाळू आणि कुजलेले शेणखत समभाग घेऊन 25 बाय 15 सेंटिमीटरच्या पिशव्या भराव्यात आणि बी देठाकडची बाजू वर ठेवून अडीच सेंटिमीटर खोल पेरावी. बी उलटी पडली की मूळ वळसा घेते आणि रोप वाकडे वाढते. पिशवीला भोके पाडायची राहिली तर जूनच्या पावसात पाणी तुंबून बी कुजते. पंधरा ते वीस दिवसांत उगवण होते आणि 45 ते 60 दिवसांचा खुंट कलमाला योग्य असतो. त्याहून जास्त दिवसांचा झाला की खोड टणक होते आणि जोड नीट बसत नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात पेरलेले रोप जुलैअखेर हाताशी येते ते असे.

काडीची तयारी मात्र आधीपासून करावी लागते आणि घाईत हीच पायरी गाळली जाते. वेंगुर्ला-4, वेंगुर्ला-7 किंवा गोवा-1 (पूर्वीची बाळ्ळी-2) अशा जातीच्या, खात्रीच्या झाडावरची, मोहोर न आलेली, तीन ते पाच महिन्यांची, पेन्सिलीएवढी जाड फांदी निवडावी. ती कापण्याच्या सात ते दहा दिवस आधी झाडावर असतानाच तिच्या पानांची पाती छाटावीत, देठ तेवढे ठेवावेत. या दिवसांत देठ गळून पडतात आणि शेंड्याचा डोळा फुगतो. अशी दहा-बारा सेंटिमीटरची काडी ओल्या फडक्यात गुंडाळून आणावी आणि त्याच दिवशी वापरावी.

खुंट मातीपासून 15 सेंटिमीटरवर छाटावा, खालच्या पानांच्या दोन जोड्या राखाव्यात आणि मधोमध सहा सेंटिमीटरची चीर द्यावी. काडीच्या टोकाला तेवढ्याच लांबीची पाचर करावी. पाचरीची प्रत्येक बाजू धारदार चाकूने एका कापात व्हायला हवी. पुन्हा पुन्हा तासले की पृष्ठभाग ओबडधोबड होऊन मध्ये पोकळी राहते. कापलेल्या भागाला बोट लावू नये. सालीच्या आतला हिरवा थर दोन्हीकडचा जुळला पाहिजे. खुंट व काडी सारख्या जाडीची नसतील तर निदान एका बाजूला तरी तो जुळवावा. दोन सेंटिमीटर रुंद आणि सुमारे 30 सेंटिमीटर लांब पॉलिथिनची पट्टी घट्ट गुंडाळावी, वर आतून ओली केलेली लांबट पॉलिथिनची टोपी घालावी आणि पिशव्या सावलीत ठेवाव्यात. टोपी दहा ते पंधरा दिवसांनी काढावी. तीन-चार आठवड्यांत डोळा फुटतो. जोडाखाली खुंटाचे फुटवे आले तर ते दिसताक्षणी खुडावेत, नाहीतर सारा जोर तेच खातात. दोन-तीन महिन्यांनी पट्टी सोडायला विसरले तर जोडाच्या जागी काच पडतो आणि वाऱ्यात कलम तिथेच मोडते.

चांगल्या हातालाही दहातली सहा-सात कलमेच साधतात. शिकायचे असते ते उरलेल्या तीन-चारांत. काडी काही दिवसांतच काळी पडली, तर बांधणीत पाणी शिरले. न फुटता सुकली, तर काडीची तयारी झाली नव्हती किंवा टोपी सैल होती. डोळा फुटला, दोन पाने आली आणि मग कोमेजली, तर काडी स्वतःच्या साठ्यावर फुटली होती आणि थर जुळलेच नव्हते. म्हणून आमची सूचना अशी की प्रत्येक विद्यार्थ्याला वीस खुंट द्यावेत, नोंदवहीत प्रत्येक कलमाची तारीख व निकाल लिहून घ्यावा आणि तोंडी परीक्षेत त्याचेच मेलेले कलम समोर ठेवून कारण विचारावे. मुलाला काम येते की नाही, हे त्यातून लगेच कळते.

दुसरे प्रात्यक्षिक कोळेरोगावर फवारायच्या बोर्डो मिश्रणाचे. कुळागर (पोफळीची बाग) असलेल्या प्रत्येक घरात ते लागते आणि पुष्कळदा चुकीचे केले जाते. एक टक्क्याच्या दहा लिटर मिश्रणाला 100 ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि 100 ग्रॅम चुना लागतो. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या बादल्यांत पाच-पाच लिटर पाण्यात विरघळवावेत. लोखंडी भांड्यात मोरचूद भांड्यालाच लागतो आणि ताकद जाते. मोरचूद लवकर विरघळत नाही, तेव्हा फडक्यात बांधून रात्रभर पाण्यात टांगून ठेवावा. मग ढवळत ढवळत मोरचुदाचे पाणी चुन्याच्या पाण्यात ओतावे. उलट केले तर कण जाड होतात, तळाशी बसतात आणि फवाऱ्याचे तोंड बुजते. शेवटी स्वच्छ लोखंडी चाकू मिनिटभर बुडवून पाहावा. पात्यावर तांबूस थर आला तर मिश्रण आम्लधर्मी आहे, कोवळी फळे व पाने भाजतील. थर येईनासा होईपर्यंत चुन्याची निवळी वाढवावी. हवा लागून निकामी झालेला जुना चुना वापरला की हे हमखास घडते. मिश्रण त्याच दिवशी संपवावे, दुसऱ्या दिवशी ते पानाला चिकटत नाही. पहिली फवारणी पावसाच्या तोंडावर, दुसरी 40 ते 45 दिवसांनी. मुलांनी हातमोजे घालून मिश्रण करावे आणि तपासावे. पोफळीवर चढून फवारणे हे पाडेलीचे (माड-पोफळीवर चढणाऱ्या कामगाराचे) काम, ते अठरा वर्षांखालील कोणाकडूनही करून घेऊ नये. दहावीच्या विज्ञानातले आम्ल, आम्लारी आणि धातूंची क्रियाशीलता या एका बादलीत दिसते, हे विज्ञानाच्या शिक्षकांनीही ध्यानात घ्यावे.

सगळ्या शाळांनी एकच करावे असे नाही. सत्तरी-धारबांदोड्यात काजू, फोंड्यात कुळागर, काणकोणात खोल्याची मिरची, आणि तिसवाडी-बार्देशच्या खाजन पट्ट्यात (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतांत) मानशीचे (पाणी अडवण्या-सोडण्याच्या दारांचे) काम, पाण्याचा खारटपणा मोजणे व कोरगुट या खारे पाणी सोसणाऱ्या पारंपरिक भाताची लावणी. जुने गोवे इथल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने खाजनासाठी गोवा धान मालिकेतल्या क्षार सोसणाऱ्या जाती दिल्या आहेत. त्यांच्या शेजारी कोरगुटचा एक वाफा लावला तरी मुलांना तुलना करता येईल. सहावी ते आठवीसाठी 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सुचवलेले दहा दप्तरविरहित दिवसही सलग न घेता पेरणी, लावणी, बेणणी, कापणी असे वाटून घेतले तर लहान वर्गांचीही सोय होईल.

आता पुढच्या वाटेविषयी. कुळाची किंवा कोमुनिदादीची (गावाच्या सामायिक संस्थेची) जमीन कसणाऱ्या कितीतरी घरांत मुलाच्या नावावर वीतभरही जागा नसते, म्हणून शेतीत भविष्य नाही असे पालक ठरवून टाकतात. पण कलम बांधणे, माडावर यंत्राने चढणे, आंब्या-काजूची छाटणी, ठिबकची दुरुस्ती, पॉवर टिलर व भात लावणी यंत्र चालवणे या कामांना स्वतःची जमीन लागत नाही आणि या कामांना माणसे मिळत नाहीत. फवारणीचा ड्रोन चालवण्याचा परवाना दहावी उत्तीर्ण आणि वयाची अठरा वर्षे पूर्ण झालेल्याला प्रशिक्षण घेऊन मिळू शकतो.

पदवीकडे जाणाऱ्यांनी मात्र दहावीनंतर घाईने शाखा निवडू नये. केपे तालुक्यात सुळकर्णे इथे डॉन बॉस्को कृषी महाविद्यालय 2015 पासून आहे, तिथे चार वर्षांची कृषी पदवी मिळते. तिच्यासाठी बारावीला विज्ञान लागते. शेतीची आवड असूनही अकरावीला कला शाखा घेतली की हे दार बंद होते, आणि ही गोष्ट अनेक पालकांना बारावीनंतर कळते. शाळेने ती नववीतच पालकसभेत सांगावी. तसेच केंद्राच्या कृषी चिकित्सालय व कृषी व्यवसाय केंद्र योजनेत पदवीधर व पदविकाधारकांबरोबर बारावीला कृषी विषयाचा अभ्यासक्रम घेऊन 55 टक्के मिळवलेल्यांनाही 45 दिवसांचे विनामूल्य प्रशिक्षण मिळते. त्यानंतरच्या कर्जावर सर्वसाधारण गटाला 36 टक्के, तर महिला व अनुसूचित जाती-जमातींना 44 टक्के अनुदानाची तरतूद आहे. रोपवाटिका त्यात बसते.

शिक्षण खात्याने यंदा निदान एवढे करावे: कृषी विषय असलेल्या प्रत्येक शाळेला विभागीय कृषी कार्यालयाशी जोडून द्यावे, मेअखेर बिया आणि पिशव्या पोचवाव्यात आणि काडीसाठी जवळच्या सरकारी फार्मवरची मातृवृक्षे शाळांना खुली करावीत. जुलैत मागणी केली तर खुंट तयार होईपर्यंत ऑक्टोबर सरतो आणि काजूच्या शेंड्यांवर मोहोर येऊ लागतो.

कृषी पदवीधर व रोपवाटिकाधारक,
सत्तरी